ललिता पवार : एका चरित्र-अभिनेत्रीची वाटचाल
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या प्रांगणात उत्सवाची नाटके पाहत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या लक्षात एक गोष्ट असेल. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी नायकाची स्तुती होते, गाणाऱ्याच्या गळ्याचे कौतुक होते. पण बाजारातून जाताना पोरेसोरे ज्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजतात, तो आदल्या रात्रीचा तळीराम असतो, शकुनी असतो, कंस असतो. दिवसा तो शाळामास्तर असेल, पेढीवर हिशेब लिहीत असेल, स्वभावाने मुंगीलाही न दुखविणारा असेल. तथापि गावाच्या लेखी तो वर्षभर तळीरामच. पुढच्या उत्सवातही तेच काम त्याच्या वाट्याला येते. कारण 'ते काम त्यानेच करावे' असे एकदा ठरून गेलेले असते.

गावच्या नटाला हे एका गावापुरते सोसावे लागते. साऱ्या हिंदुस्थानासमोर, चार तपांहून अधिक काळ, ते सोसणारी एक मराठी नटी होऊन गेली. कै. ललिता पवार यांचे नाव अजूनही घराघरांत निघते, पण ते बहुधा दूषण म्हणून निघते. सासूविषयी बोलताना सून 'अगदी ललिता पवार हो!' एवढेच म्हणते आणि ऐकणारीला पुढे काही विचारावे लागत नाही. जिच्या विशेषनामाचे असे सामान्यनाम होऊन बसले, त्या कलावतीविषयी लोक नेमके काय जाणतात, हा आजचा विषय आहे.

'चरित्र-अभिनेता' हा शब्द चित्रपटव्यवसायाने रूढ केला. जो नायक नाही, जी नायिका नाही, अशा सर्वांची सोय या एका शब्दात लावलेली असते. बाप, आई, मामा, सावकार, न्यायाधीश, विधवा आत्या, घरमालकीण ही सारी माणसे त्यात येतात. कथा नायक-नायिकेची असते. परंतु ती ज्या घरात घडते ते घर ही माणसे उभे करतात. जाहिरातीत त्यांची नावे खाली आणि बारीक अक्षरांत. प्रेक्षकांना चेहरा ओळखीचा, नाव पुष्कळदा नाही. ललिताबाई या नियमाला अपवाद ठरल्या. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक होते. मात्र ते ठाऊक होण्यासाठी त्यांना जी किंमत मोजावी लागली, तशी फार थोड्यांना मोजावी लागली असेल.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. माहेरचे नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. वडील रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. येवले म्हणजे पैठणी-पीतांबरांचे गाव, तेव्हा हा व्यवसाय त्या मातीतलाच म्हणायचा. पुढे मुलगी पुण्यास आली आणि नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत लहान वयातच तिचा प्रवेश झाला. १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात ती पडद्यावर आली. कुलवंत घरातील स्त्रियांनी चित्रपटात काम करणे लज्जास्पद समजले जाई, तो हा काळ. मिश्या काढून पुरुषच तारामती होत असे, त्या दिवसांना फार वर्षे झाली नव्हती. अशा वेळी बारा वर्षांची एक व्यापाऱ्याची मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, याचे धैर्य आज सहजी ध्यानात यावयाचे नाही.

मूकपटांच्या त्या अखेरच्या वर्षांत अंबेची 'ललिता' झाली आणि मारामारीच्या, धावपळीच्या, घोडदौडीच्या चित्रपटांची ती नायिका बनली. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी तिचा विवाह झाला. १९३२ साली 'कैलाश' हा मूकपट निघाला. त्याच्या निर्मितीत ललिताबाईंचा वाटा होता. वय अवघे सोळा वर्षांचे! आधल्याच वर्षी 'आलमआरा'ने बोलपटाचे युग सुरू केले होते, आणि मूकपटांतील अनेक नट-नट्या केवळ उच्चार साधत नाहीत म्हणून घरी बसू लागल्या होत्या. ललिताबाई बसल्या नाहीत. 'हिम्मत-ए-मर्दां' (१९३५) मध्ये त्या नायिका होत्या आणि आपली गाणी आपणच गायल्या. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'दुनिया क्या है' या बोलपटाची निर्मिती केली. त्याची कथा टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' या कादंबरीवर आधारलेली होती. फसविली गेलेली एक दासी आणि तिला फसविणारा, पुढे पश्चात्ताप पावणारा सरदार अशी ती कथा. विशीतल्या मराठी नटीने पदरचे पैसे घालावेत ते या कथेवर, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकली जाते. वास्तविक तिथे थोडे थांबावयास हवे. पुढे ज्या बाईला आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुनांना छळण्याचे काम मिळाले, तिने स्वतःच्या इच्छेने निवडलेली कथा मात्र एका छळल्या गेलेल्या स्त्रीची होती.

भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनी काढलेला 'अमृत' (१९४१) या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकांतही त्यांचे स्थान पक्के केले. दिवस चांगले होते.

आणि १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात तो प्रसंग घडला. कथेप्रमाणे एका दृश्यात नायिकेच्या थोबाडीत बसावयाची होती. मारणारा नट भगवान. हेच भगवान पुढे 'अलबेला' (१९५१) मुळे साऱ्या देशाचे लाडके झाले. मारामारीच्या चित्रपटांत मुरलेला तो हात, आणि अभिनय खरा व्हावा हा उत्साह. थप्पड नको तितकी जोराने बसली. चेहऱ्याच्या डाव्या भागास लकवा झाला, डाव्या डोळ्यातील शीर फुटली. दीर्घ काळ उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला; डोळा मात्र कायमचा अधू राहिला, किंचित मिटल्यासारखा, किंचित आखडलेला.

वय सव्वीस. नायिकेचा व्यवसाय चेहऱ्यावर चालतो, आणि चेहराच गेला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्या माणसाच्या हातून ते घडले त्यालाही त्याचे दुःख जन्मभर वाटले असणार. परंतु नाटकमंडळी काय किंवा चित्रपटकंपनी काय, खेळ थांबत नाही. एक नायिका गेली तर दुसरी उभी राहते. अशा प्रसंगी बहुतेक जणी घरी परतल्या असत्या, आणि कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

त्या परतल्या त्या प्रभात कंपनीच्या 'रामशास्त्री' (१९४४) मधून, आणि परतल्या त्या आनंदीबाई होऊन. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' ज्यांनी उत्सवी रंगभूमीवर पाहिले असेल, त्यांना या पात्राची ओळख करून देण्याचे कारण नाही. नारायणरावास 'धरावे' असे लिहिलेल्या कागदावर आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात तरुण पेशव्याचा खून झाला, ही आख्यायिका मराठी माणसाच्या रक्तात भिनलेली आहे. इतिहासाला ती मान्य आहे की नाही हा प्रश्न निराळा. आनंदीबाईचे नाव मात्र कायमचे काळे झाले. गजानन जागीरदारांच्या करारी रामशास्त्र्यांसमोर ललिताबाईंनी ही आनंदीबाई उभी केली. पूर्वीची शूर नायिका लोकांनी विसरून टाकली ती तेव्हापासून. अधू डोळ्याला आता काम मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तो डोळा म्हणजेच ललिता पवारांचा अभिनय, असा एक समज रूढ आहे. डोळा जरा बारीक झाला की प्रेक्षागृहातील बायका पदर तोंडाशी नेत आणि कडाकडा बोटे मोडीत, हे खरे. परंतु अपघाताने मिळालेले व्यंग म्हणजे कला नव्हे. व्यंग पुष्कळांना असते. त्या डोळ्याने कधी पाहावयाचे आणि कधी पाहावयाचे नाही, मान किती वळवावयाची, बोलता बोलता कोणत्या शब्दावर थांबून समोरच्याला नुसते न्याहाळावयाचे, हे जे त्यांनी बसविले त्याला कला म्हणतात. त्यांचे बोलणे ऐकावे. एकेक शब्द सुपारी फोडल्यासारखा वेगळा, स्वच्छ. घरातील कर्ती बाई कोणावरही न ओरडता सगळ्या घराला कशी धाकात ठेवते, हे ज्यांनी मोठ्या एकत्र कुटुंबांत पाहिले आहे, त्यांना त्या बोलण्याचा उगम ओळखता येईल.

व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. हुंड्याच्या रूढीवर त्या चित्रपटाने जो प्रहार केला, त्याचा अर्धा भार ललिताबाईंच्या खांद्यावर होता; कारण सासू खरी वाटली नसती तर रूढीचा रागही आला नसता. लोकांनी रूढीचा राग केला की सासूचा, हे सांगणे कठीण आहे. बहुधा सासूचाच केला.

वयाचा हिशेबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. 'दाग' (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमारचा जन्म १९२२ चा, यांचा १९१६ चा. मुलगा आईहून सहा वर्षांनी लहान! 'हम दोनों' (१९६१) मध्ये देव आनंद वठवीत असलेल्या मेजरच्या त्या आई. अंतर सात वर्षांचे. 'सुजाता'मध्ये सुनील दत्तची आजी, आणि अंतर तेरा वर्षांचे. नायक चाळिशी ओलांडून गेला तरी महाविद्यालयात शिकत असे, आणि त्याच पिढीतील स्त्री मात्र तिशीतच त्याची आई होत असे. ही रीत ललिताबाईंपुरती नव्हती. अपघातामुळे ती त्यांना इतरांहून जरा लवकर लागू झाली एवढेच. केसांना पांढरा रंग लावून, अंग जरासे वाकवून त्या उभ्या राहिल्या आणि कोणालाही या हिशेबाची शंका आली नाही.

'श्री ४२०' (१९५५) मधील केळी विकणारी गंगामाई आठवावी. पदपथावर संसार थाटलेली, तोंडाची फटकळ बाई. उपाशी, अनोळखी राजला आपल्यात सामावून घेणारी माणसे या पदपथावरचीच. पुढे शंभर रुपयांत घर देण्याची लबाड योजना निघते आणि हीच भोळी माणसे तिला भुलतात, तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात कालवते ते गंगामाईसारख्यांसाठी. त्याच वर्षी गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या सीतादेवी या श्रीमंत आत्याबाई आहेत. स्त्रियांच्या हक्कांसाठी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी सभा गाजविणाऱ्या आणि पुरुषजातीचा विटाळ मानणाऱ्या. चित्रपट त्यांची यथेच्छ थट्टा करतो. हिंदू विवाहाचा कायदा त्याच वर्षी झाला. आज तो चित्रपट पाहताना हसू येते खरे, पण सीतादेवींचे निम्मे म्हणणे तरी रास्त होते असे वाटल्यावाचून राहत नाही. ललिताबाईंनी ती भूमिका विदूषकी न करता पूर्ण गांभीर्याने केली, म्हणूनच तो विचार आज मनात येऊ शकतो. गुरुदत्तच्या मनात तसे काही होते असे दिसत नाही.

परंतु ललिताबाईंच्या कलेचा कस पाहावयाचा असेल, तर १९५९ हे एकच साल पुरे आहे.

त्या वर्षी बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला आणि हृषीकेश मुखर्जींचा 'अनाड़ी'ही आला. दोन्हींत नायिका नूतन. दोन्हींत ललिताबाई. 'सुजाता'त एका सुशिक्षित ब्राह्मण दांपत्याच्या घरी अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतील एक अनाथ मुलगी वाढते. त्या घरी अधूनमधून येणाऱ्या वृद्ध आत्या, बुवाजी, ही ललिताबाईंची भूमिका. या बुवाजी दुष्ट नाहीत, आणि इथेच त्या चित्रपटाचे मर्म आहे. त्या कोणाला मारीत नाहीत, कोणाचे धन लुबाडीत नाहीत. पूजाअर्चा करतात, नात्यागोत्यांची काळजी वाहतात, आपल्या नातवाचे लग्न चांगल्या घरी व्हावे म्हणून झटतात. केवळ ते मूल जवळ आले की त्यांचे अंग आखडते. एखादे वाक्य बोलतात, तेही भल्याबुद्धीने, आणि एका पोरीचे आयुष्य त्या वाक्याखाली दडपून जाते. आपले सोवळे सांभाळताना दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न ज्यांच्या मनाला कधी शिवलाच नाही, अशा सात्त्विक वृद्धा कोणत्या घराण्यात नव्हत्या? देवळाच्या पायरीशी कोणाला थांबविले जाई आणि कोणाकडून थांबविले जाई, हे जुन्या पिढीतील श्रोत्यांस वेगळे सांगावयास नको. ललिताबाईंनी या पात्राला खलपात्र केले असते, तर प्रेक्षक त्यांना शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्यांनी ती आपल्याच घरातील आजी केली. तेव्हा मोकळे होणे अवघड झाले.

'अनाड़ी'तील मिसेस डिसा ही याच्या अगदी दुसऱ्या टोकाची बाई. मुंबईतील वृद्ध ख्रिस्ती घरमालकीण. डिसा या आडनावाशी गोव्यातील माणसाची ओळख चित्रपटापूर्वीची आहे. गावात शेजारी डिसा असतात, आणि पोटासाठी मुंबईस गेलेल्यांपैकी कित्येकांनी अशाच एखाद्या मालकिणीच्या खोलीत पहिली वर्षे काढलेली आहेत. भाडे थकले की जिची जीभ दिवसभर चालते, आणि जेवावयाच्या वेळी त्याच भाडेकरूची वाट पाहत जी ताटकळत बसते, अशी ही जात. राज कपूरने केलेला भोळा, बेकार तरुण तिच्याकडे राहतो. ती त्याला बोल बोल बोलते, आणि त्या बोलण्यातूनच त्याची आई होऊन जाते. हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती पात्र म्हटले की मोडक्यातोडक्या हिंदीतला विनोद किंवा दारूचा पेला, एवढेच बहुधा वाट्याला येई. मिसेस डिसाची भाषा तशीच मोडकी आहे, पण तिला हसावेसे वाटत नाही.

पुढे गावात तापाची साथ येते. मिसेस डिसा जे औषध घेते ते एका मोठ्या धनिकाच्या कारखान्यात तयार झालेले, सदोष, विषारी असते. ती जाते. आणि तिच्या खुनाचा आळ येतो तो तिने पोटच्या मुलासारखे मानलेल्या त्या तरुणावर. कारखानदार रामनाथचे काम मोतीलाल यांनी केले आहे. न्यायालयात शेवटी तोच खरे काय ते कबूल करतो. औषधातल्या भेसळीचा आणि पैशापुढे माणसाच्या जिवाची किंमत शून्य धरण्याचा तो विषय आजही शिळा झालेला नाही. परंतु कथेचा सारा आधार असा की, मिसेस डिसा गेल्याचे प्रेक्षकाला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले पाहिजे. तसे ते वाटते. चित्रपटाच्या उत्तरार्धात ती नसते, आणि तिची उणीव शेवटपर्यंत भासत राहते.

डोळा तोच होता. कॅमेऱ्याने तो लपविला नाही, ललिताबाईंनीही लपविला नाही. 'सुजाता'त तो बारीक झाला की थंडी वाजते. 'अनाड़ी'त तोच बारीक झाला की म्हातारी काहीतरी लाडके खोटे बोलते आहे हे कळते. या भूमिकेस त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याच समारंभात नूतनला 'सुजाता'साठी आणि राज कपूरला 'अनाड़ी'साठी पारितोषिक होते. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही ललिताबाईंच्या अभिनयाचा गौरव केला.

एवढे सारे सिद्ध झाल्यानंतर त्यांना अधिक चांगल्या भूमिका मिळावयास हव्या होत्या. काही मिळाल्या. 'जंगली' (१९६१) मध्ये घरात कोणी हसता कामा नये असा दंडक घालणारी खानदानी आई झाली, आणि 'प्रोफेसर' (१९६२) मधील सीतादेवी तर विशेष उल्लेखनीय. कडक, शिस्तीची ही प्रौढ बाई भाचरांना शिकविण्यास एक वृद्ध प्राध्यापक ठेवते. तो वृद्ध म्हणजे वेष पालटलेला तरुण शम्मी कपूर. आणि या बाईचे मन त्या खोट्या म्हाताऱ्यावर जडते. प्रेक्षागृह हसून हसून लोळते. पण आरशासमोर उभी राहून नटणारी ती बाई नीट पाहावी. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावताना स्वतःचे काही राहून गेले, हे तिला उतारवयात प्रथमच उमगते आहे. पटकथेने त्या मनाची चेष्टा केली. ललिताबाईंनी केली नाही. त्यांना विनोद उत्तम साधे, आणि तो त्यांना कोणाला कमी लेखून साधावा लागत नसे.

मात्र त्यांच्या नावावर जे सातशेच्या आसपास चित्रपट सांगितले जातात, त्यांतील बरेचसे असे नव्हते हेही नमूद केले पाहिजे. निर्मात्याला सासू हवी असे. तो ललिताबाईंना बोलावी, डोळ्यावर प्रकाश पाडी, सुनेच्या हातून दुधाचे भांडे पाडवी, आणि काम झाले. हा मुद्रांकच झाला होता. त्यांनी तीही कामे केली, वेळेवर आणि चोख केली. पहिला विवाह टिकला नव्हता. पुढे चित्रपटनिर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांचा संसार झाला. कामाचा अभिमान आणि कामाची गरज या दोन्ही गोष्टी प्रत्येक कलावंताच्या घरी एकाच उंबरठ्यावर नांदतात. दोष द्यावयाचाच असेल तर तो मागणाऱ्यांना द्यावा, आणि मागणाऱ्यांमागे तिकीट काढून उभे असलेल्या प्रेक्षकालाही थोडासा.

हृषीकेश मुखर्जी मात्र विसरले नव्हते. 'आनंद' (१९७१) मध्ये त्यांनी ललिताबाईंना पुन्हा बोलाविले आणि पात्राला नाव पुन्हा डिसा हेच दिले. ही रुग्णालयातील मेट्रन. करडी, नियमांवर बोट ठेवणारी. मरणाच्या दारात उभा असलेला आनंद तिची थट्टा करता करता तिच्या पदराशी येऊन बसतो, आणि रोज मरण पाहून कोरडी झालेली ती बाई पाझरते. भूमिका किती लहान! दृश्ये मोजावी तर हाताच्या बोटांवर मावतील. तरीही राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्यासारखे नट समोर असताना मेट्रन डिसा लक्षात राहते. पुढल्याच वर्षी 'बॉम्बे टू गोवा' या विनोदी प्रवासचित्रपटात काशीबाई म्हणून त्या बसमध्ये बसल्या. आमच्या रस्त्यांवरून गेलेली ही त्यांची पडद्यावरील वारी गोव्यातील प्रेक्षकांनी विशेष आपुलकीने पाहिली असेल, यात नवल नाही.

शेवटची मोठी भूमिका मंथरेची. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनवर चालली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, दूरदर्शन-संचाला हार घातले जात, हे अनेकांनी पाहिले आहे. त्यात सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. बाबूभाई मिस्त्रींच्या 'संपूर्ण रामायण' (१९६१) या चित्रपटात त्यांनी हेच पात्र केले होते. त्यामुळे वाट परिचयाची होती. तथापि मालिकेतील मंथरा अधिक खोल उतरली आहे. तिचा कैकेयीवरील जीव खोटा नाही. लहानपणापासून वाढविलेल्या मुलीचे पुढे काय होईल, ही दाईची भीती तिला पोखरते, आणि त्या भीतीचेच विष होते. कैकेयीच्या कानाशी लागून ती बोलते तेव्हा तिच्या आवाजात कावा जेवढा आहे तेवढीच कळकळही आहे. रामायण ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना हे अपरिचित नाही, पण डोळ्यांनी पाहावयास मिळाले ते येथे.

पुराणांत वाकड्या देहाच्या दोघी प्रसिद्ध आहेत. अयोध्येत मंथरा आणि मथुरेत कुब्जा. मंथरेचे वाकडेपण लोकांनी तिच्या मनात शोधले आणि ते त्यांना सापडलेही. कुब्जेला मथुरेच्या वाटेवर श्रीकृष्ण भेटला. त्याने तिच्या हातचे चंदन घेतले आणि तिला सुंदरी अशी हाक मारली. ललिताबाईंच्या वाट्याला जन्मभर मंथरेचे पाहणारे प्रेक्षक आले. कुब्जेकडे पाहावे तसे पाहणारे दिग्दर्शक दोन-चार. त्यांत एकाने त्यांना डिसा हे नाव दिले, तेही दोनदा.

अपघातापूर्वीचा त्यांचा चेहरा पाहावा अशी इच्छा झाली, तर ती पुरी होणे कठीण आहे. त्या काळच्या मूकपटांच्या फिती ज्वालाग्राही होत्या. बहुतेक जळाल्या, सडल्या वा त्यांतील चांदीसाठी मोडीत निघाल्या. हिंदुस्थानात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी आज हाती असलेले फारच थोडे. घोड्यावर बसून दौडणारी, तलवार परजणारी येवल्याची ती मुलगी आता जुन्या जाहिरातींतील आणि पुस्तकांतील पुसट छायाचित्रांतून तेवढी भेटते.

अखेरच्या दिवसांत ललिताबाई पुण्याजवळ औंध येथे राहत होत्या. जबड्याच्या कर्करोगाने त्या जर्जर झाल्या होत्या. ज्या मुखातून ते धारदार संवाद निघाले तिथेच दुखणे बसले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. वय ब्याऐंशीला दोन महिने कमी. पती उपचारासाठी मुंबईच्या रुग्णालयात होते, घरी त्या वेळी जवळ कोणी नव्हते. वार्ता बाहेर कळली तीदेखील उशिराने.